डास आपल्या घरचाच



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यात तापाचा रोगी आला की त्याला दोन प्रश्न विचारले जात. ताप किती दिवस आहे, हा पहिला. घरात पाणी कशात साठवता, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाने माणसं गोंधळायची. पोराला ताप आलाय आणि हे रांजणाची चौकशी काय करतात! पण उत्तर मिळालं की डॉक्टर एका कागदावर गल्लीचं नाव लिहीत आणि आठवड्याच्या शेवटी तो कागद आमच्या हिवताप कार्यालयात पाठवून देत. मी तिथे कीटकांच्या कामावर होतो. खासगी डॉक्टरने न मागता सरकारी कचेरीला माहिती द्यायची, हे तेव्हाही दुर्मीळ होतं आणि आजही आहे. त्या कागदांमुळे कित्येकदा प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधीच आमची माणसं नेमक्या गल्लीत पोचलेली असत.

संयोजकांनी मला विषय दिला तो असा, की डासांपासून आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या विषाणूजन्य तापांपासून स्वतःला कसं वाचवावं. अंगाला काय लावावं आणि मच्छरदाणी कशी बांधावी एवढं सांगून मला अर्ध्या तासात मोकळं होता आलं असतं. तेही सांगणार आहे. पण माझं मत आधीच सांगून टाकतो. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका यांच्यापासून एकट्या माणसाला किंवा एकट्या घराला वाचता येत नाही. गल्ली वाचते, नाहीतर कुणीच खात्रीने वाचत नाही. हा नीतिपाठ नव्हे. डासाच्या सवयीच तशा आहेत.

डास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गटार येतं. डेंग्यूचे रुग्ण वाढले की वर्तमानपत्रात उघड्या नाल्याचं छायाचित्र छापून येतं, नगरसेवकाच्या नावाने ओरड होते आणि दुसऱ्या दिवशी नाल्यावर फवारणी होते. नाला साफ व्हायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण त्या नाल्यात डेंग्यूचा डास सहसा नसतो. तिथे असतो क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणून झोपमोड करणारा, हत्तीरोग पसरवणारा. त्याचाच एक भाऊबंद भाताच्या खाचरात वाढतो आणि डुकरं-बगळ्यांच्या अंगातला जपानी मेंदूज्वराचा विषाणू माणसापर्यंत आणतो. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत त्यासाठी मुलांना लस दिली जाते. हिवतापाचा ॲनाफिलीस आणखी निराळा. आपल्या आजच्या बोलण्याचा विषय आहे तो एडिस इजिप्ती.

अंगाने काळा, पायांवर पांढरे पट्टे. मूळचा आफ्रिकेतला. गलबतांवरच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपांत बसून हा जगभर गेला. माणसाच्या सहवासाला तो इतका सरावला आहे की त्याला जंगल नको, शेत नको, गटार तर नकोच. त्याला घर हवं. पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीला टांगलेल्या कपड्यांत तो बसून राहतो. घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्याशी त्याची मादी अंडी घालते. तो चावतो दिवसा, त्यातही सकाळी ऊन वर आल्यावरचे एक-दोन तास आणि मावळतीच्या आधीचे काही तास. घोट्याला चावतो, कोपराला चावतो, आणि आवाज फारसा करत नाही. म्हणजे चावते ती मादीच, कारण अंडी तयार व्हायला तिला रक्त लागतं. ती भित्रीही आहे. हात हलला की उडते आणि शेजारी बसलेल्याला चावते. एकदा पोट भरायला ती तीन-चार माणसं सहज फिरते. एका घरात एकाच आठवड्यात चौघं तापाने पडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

ती लांब उडत नाही. जन्मली त्या जागेपासून शे-दोनशे मीटर, फार तर चारशे. याचा अर्थ सरळ आहे. तुम्हाला डेंग्यू झाला तर तो देणारा डास तुमच्या घरात, शेजाऱ्याच्या घरात, किंवा तुम्ही दिवसभर जिथे असता त्या शाळेत, दुकानात, ऑफिसात जन्मलेला असतो. तो दूरच्या नाल्यावरून आलेला नसतो.

मे महिन्यात डासांवर व्याख्यान कशाला, असं मला एका मित्राने विचारलं. त्याचं उत्तर अंड्यांत आहे. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती चिकटवते. तीही सगळी एका ठिकाणी नाहीत, थोडी या पिंपात, थोडी त्या कुंडीखालच्या बशीत. खसखशीच्या दाण्याहून बारीक, काळी. पाणी संपलं, भांडं वाळलं, तरी ही अंडी मरत नाहीत. कित्येक महिने, कधी कधी वर्षभरसुद्धा ती कोरडी तग धरून राहतात. पुन्हा पाणी चढून त्यांना लागलं की अळ्या बाहेर पडतात. माळ्यावर टाकलेला कूलर, गच्चीतला जुना टायर, अंगणातला रिकामा रांजण यांच्यात गेल्या दिवाळीच्या आधीची अंडी आज या क्षणी असतील. जूनचा पहिला पाऊस पडला की सात ते दहा दिवसांत त्यांचे डास होतील.

म्हणून आमच्या खात्यात 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. आठवड्यातून एकदा सगळी पाणी साठवायची भांडी रिकामी करायची. आठवड्यातूनच का, तर अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा लागतो. तो पुरा व्हायच्या आत पाणी ओतून दिलं तर अळी मरते. पण खात्याच्या पत्रकातलं दुसरं वाक्य लोक वाचत नाहीत. भांडं नुसतं उपडं करायचं नाही, ते आतून घासायचं. काथ्याने, ब्रशने, नारळाच्या शेंडीने, कशानेही. घासलं नाही तर अंडी भिंतीलाच राहतात आणि नळ आला की आपण स्वतःच त्यांना पाणी देतो. दर शुक्रवारी इमानदारीने पिंप उलटं करणाऱ्या घरात पुढच्या शुक्रवारी पुन्हा अळ्या सापडतात आणि घरातली बाई आमच्या माणसावर चिडते. तिचं चिडणं बरोबर असतं. तिला अर्धंच सांगितलेलं असतं.

सर्वेक्षणातली एक गोष्ट सांगतो. झोपडपट्टीत, चाळीत आमचा कीटक समाहारक, म्हणजे घरोघर डास-अळ्या शोधणारा माणूस, गेला की दार उघडायचं, कधी चहाही मिळायचा. बंगल्यात आणि मोठ्या सोसायटीत फाटकावरच अडवायचे. 'आमच्याकडे डास नाहीत, रोज पेस्ट कंट्रोल होतं.' आत गेलंच कुणी, तर मनी प्लांटच्या बाटलीत, कारंज्याच्या बंद पडलेल्या हौदात, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये आणि गच्चीवरच्या झाकण उडालेल्या टाकीत अळ्या हमखास मिळायच्या. फ्रिजला मागे ट्रे असतो हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. डेंग्यू हा गरिबांचा रोग आहे ही त्यांची समजूत मोडली असावी, कारण पुढे त्याच सोसायट्यांमधून रुग्ण यायला लागले.

या डासाविरुद्ध माणसाने एकदा मोठी लढाई जवळजवळ जिंकली होती. क्युबातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी 1881 साली मांडलं की पिवळा ताप हाच डास पसरवतो. वीस वर्षं कुणी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही. 1900 साली वॉल्टर रीड यांच्या अमेरिकी लष्करी मंडळाने प्रयोगांनी ते सिद्ध केलं, आणि पुढच्याच वर्षी विल्यम गॉर्गस यांनी हवानात घरोघर निरीक्षक पाठवले. पाण्याची पिंपं झाकायला लावली, उघड्या पाण्यावर तेल टाकलं, ऐकलं नाही त्याला दंड केला. त्याच वर्षी हवानातून पिवळा ताप नाहीसा झाला. नंतर पनामाचा कालवा खणताना गॉर्गस यांनी तेच केलं.

पुढचं नाव फ्रेड सोपर यांचं. हा माणूस हट्टी, शिस्तीचा, बराचसा हुकूमशहा. ब्राझीलमध्ये त्यांच्या लक्षात आलं की निरीक्षकांवर दुसरे निरीक्षक नेमले आणि एकही घर सोडलं नाही, तर एडिस नुसता कमी होत नाही, तो संपतोच. 1947 साली अमेरिका खंडातल्या देशांनी मिळून हा डास संपवायचा ठराव केला. 1958 मध्ये ब्राझील मुक्त जाहीर झाला आणि 1962 पर्यंत अठरा देश त्याच्यापासून मोकळे झाले. मग काय झालं? रोग दिसेनासा झाला, तसा पैसा आटला, निरीक्षक कमी केले. काही देशांनी काम पुरं केलंच नाही, त्यांच्याकडून डास परत आला. 1981 साली त्याच क्युबात डेंग्यूची साथ आली आणि साडेतीन लाखांच्या आसपास लोक आजारी पडले.

मला सोपर आवडतात आणि त्यांची भीतीही वाटते. लोकशाहीत प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात रोज सरकारी माणूस घुसवता येत नाही, घुसवूही नये. आपल्याकडेही हा झगडा जुना आहे. 1908 च्या सुमाराला मुंबईत गोदीच्या बांधकामाच्या काळात हिवताप भडकला. चार्ल्स बेंटली यांनी तपास करून 1911 मध्ये अहवाल दिला, की घराघरांतल्या विहिरी आणि टाक्या हेच मूळ आहे. विहिरी बुजवायचे, झाकायचे हुकूम निघाले आणि पारशी, हिंदू, जैन अशा अनेक मंडळींनी विरोध केला, कारण विहिरीचं पाणी त्यांच्या धर्मकृत्यांना लागत असे. तोडगा निघाला तो बारीक तारेची जाळी बसवलेल्या झाकणाचा. पाणीही शेंदता आलं, डासालाही आत जाता येईना. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. मुंबई महापालिका कायद्याच्या 381 कलमाखाली आजही डासांच्या पैदाशीबद्दल घरमालकांना नोटिसा जातात. नोटीस हवीच. पण तिच्याबरोबर जाळीही द्यावी लागते.

आता विषाणूंकडे येतो. महाराष्ट्राचा आणि यांचा संबंध पुष्कळांना वाटतो त्याहून जुना आहे. पुण्यात 1952 साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, तीच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. डेंग्यूच्या तपासणीचे संच देशभरच्या सरकारी रुग्णालयांना तिथूनच जातात. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांमध्ये एक नवा विषाणू सापडला. तो मुख्यतः डास नव्हे तर वालुमाशी पसरवते, म्हणून तो आज बाजूला ठेवतो. 1973 साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली. सांधे धरलेली माणसं, घराघरात बिछाने. आणि मग हा रोग भारतातून जवळजवळ दिसेनासा झाला. तीस वर्षं! डॉक्टरांच्या एका पिढीने तो फक्त पुस्तकात वाचला.

2005 च्या अखेरीस तो परतला तेव्हा तो पूर्वीचा राहिला नव्हता. बार्शीचा विषाणू आशियाई घराण्यातला होता, नवा आला तो आफ्रिकी घराण्यातला. त्याच सुमाराला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर त्याने सुमारे एक तृतीयांश लोकांना गाठलं होतं. तिथे त्याच्या एका प्रथिनात एक छोटासा बदल झाला आणि एडिस अल्बोपिक्टस या चुलत डासातही तो सहज वाढू लागला. हा चुलत भाऊ झाडाझुडपांत, बागेत, रबराच्या मळ्यातल्या वाटीतही राहतो. पुढे केरळात चिकुनगुन्याची जी साथ आली तिच्यामागे हा बदल होता. 2006 साली भारतात सुमारे 14 लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात त्या वर्षी काठी टेकत चालणारी तिशीतली माणसं मी पाहिली आहेत.

झिकाचं तसंच. 1947 साली युगांडाच्या एका जंगलात सापडलेला हा विषाणू कित्येक दशकं कुणाच्या खिजगणतीत नव्हता. 2015 मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्मू लागली आणि जग जागं झालं. जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला. 2024 च्या जूनमध्ये पुण्यातल्या एरंडवण्यात रुग्ण निघाले आणि काही महिन्यांत शहरातला आकडा शंभरावर गेला. त्यात गरोदर स्त्रिया बऱ्याच होत्या. झिकाचा ताप इतका सौम्य असतो की अनेकांना तो आल्याचं कळतही नाही. आणि डासाखेरीज तो शरीरसंबंधातूनही पसरतो. घरात कुणी गरोदर असेल तर नवऱ्याने आणि सासूने हे लक्षात ठेवावं, तिला एकटीला क्रीम लावायला सांगून भागणार नाही.

आता ज्यासाठी तुम्ही थांबला आहात ते. अंगाला काय लावावं?

डीईईटी, पिकारिडिन, आणि निलगिरीच्या एका जातीपासून मिळणारं पीएमडी, ही तीन द्रव्यं जगभर तपासली गेली आहेत आणि ती चालतात. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने डीईपीए नावाचं आणखी एक तयार केलं. विकत घेताना डबीवरचं चित्र आणि 'हर्बल' हा शब्द सोडून द्या, घटक कोणता आणि किती टक्के ते वाचा. टक्के जास्त म्हणजे डास जास्त पळतो असं नाही, परिणाम जास्त तास टिकतो. उन्हाचं क्रीम लावायचं असेल तर ते आधी, हे नंतर. लहान मुलांच्या तळहातांना लावू नका, ते तोंडात जातात. दोन महिन्यांखालच्या बाळाला लावूच नका, त्याला मच्छरदाणीत ठेवा. आणि मुख्य म्हणजे वेळ पाळा. आपल्याकडे क्रीम रात्री झोपताना लावतात, तेव्हा एडिसने आपलं काम उरकलेलं असतं. शाळेत जाण्याआधी आणि संध्याकाळी खेळायला जाण्याआधी लावा. पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण विजार, शक्यतो फिक्या रंगाची. गडद रंगाकडे हा डास ओढला जातो. शाळांनी पावसाळ्यात हाफ पँटचा आग्रह सोडावा असं मी कित्येक मुख्याध्यापकांना सांगितलं. गणवेशाची शिस्त डासाला कळत नाही.

मच्छरदाणी रात्रीचीच वस्तू आहे असं आपण मानतो. डेंग्यूच्या बाबतीत ती दुपारची आहे. झोपलेलं बाळ, आजारी म्हातारं माणूस, आणि विशेषतः तापाचा रोगी दिवसा जाळीत हवा. तापाच्या साधारण दोन दिवस आधीपासून पहिले चार-पाच दिवस रोग्याच्या रक्तात विषाणू असतो. त्या काळात त्याला चावलेला डास आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्याला रोग देऊ लागतो आणि मरेपर्यंत देत राहतो. रोग्याला जाळीत ठेवणं हे उरलेल्या घराचं संरक्षण आहे. पण यालाही मर्यादा आहे. डेंग्यूची लागण झालेल्या बहुतेकांना लक्षणंच दिसत नाहीत, आणि तरीही त्यांच्याकडून डासाला विषाणू मिळू शकतो. तुम्ही जाळीत कुणाकुणाला घालणार? म्हणून मी पुन्हा पुन्हा भांड्याकडे येतो.

कॉइलबद्दल माझं मत चांगलं नाही. चीन आणि मलेशियातल्या कॉइलींवर 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके आढळले. बंद खोलीत, लहान मुलाच्या उशाशी ती लावणं म्हणजे एक रोग टाळायला दुसऱ्याची सोय करणं. विजेवरच्या द्रवाचं मशीन त्यामानाने बरं, पण खिडक्या सताड उघड्या ठेवून ते चालत नाही, आणि बंद करून श्वसनाच्या रोग्याला सोसत नाही. डास पळवणाऱ्या बिननावाच्या अगरबत्त्यांत काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्या घेऊच नका. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने डास पळवणारी यंत्रं आणि मोबाईलमधली ॲप यांच्या चाचण्या झाल्या आहेत. डासांवर त्यांचा काही परिणाम होत नाही. लसूण खाल्ल्याने डास चावत नाहीत हेही खरं नाही, माणसं मात्र लांब बसतात. कडुलिंबाच्या तेलाने थोडा वेळ आधार मिळतो, तासाभराने पुन्हा लावावं लागतं. लिंबात लवंगा टोचून ठेवल्याने खोलीला वास छान येतो. डास मारायची विजेची चिनी रॅकेट फिरवायला मलाही मजा येते, पण तिच्या भरवशावर साथ थांबत नाही. खिडक्यांना जाळी बसवणं हा एकदाच खर्च आहे, तो मी सगळ्यांच्या वर ठेवतो.

ताप आलाच तर काय, हे थोडक्यात. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, ओआरएस, पेज, ताक. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आपल्या मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. ताप उतरला की आपण सुटकेचा श्वास टाकतो, डेंग्यूत धोका नेमका तेव्हाच असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी होणं, यांतलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका. आणि प्लेटलेट्सचा आकडा! आपल्याकडे डेंग्यू म्हणजे प्लेटलेट्स असं समीकरण झालं आहे. पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध, साथीच्या दिवसांत भाव चढलेली किवीची फळं. पपईच्या पानांनी आकडा थोडा लवकर वाढल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं, पण त्याने माणसं वाचल्याचा पुरावा नाही. प्लेटलेट्स बहुतेकांच्या आपोआपच वाढतात. रक्तस्राव नसेल तर आकडा दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या बाहेरून देण्याची सहसा गरज नसते. त्या पिशवीसाठी मध्यरात्री धावपळ करणारे नातेवाईक मी खूप पाहिले. त्याच वेळी रोग्याच्या तोंडात पाणी घालायला मात्र कुणी नसे.

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाची लागण झाली की त्याच्याविरुद्ध जन्मभराची प्रतिकारशक्ती येते, उरलेल्या तिघांविरुद्ध नाही. उलट दुसऱ्यांदा दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. 'मला होऊन गेलाय, आता काय' असं म्हणणाऱ्याने जास्त जपायला हवं. याच गुंत्यामुळे लस तयार करायला इतकी वर्षं लागली. फिलिपिन्समध्ये 2016 साली घाईने सुरू केलेली एक लस पुढच्या वर्षी मागे घ्यावी लागली, कारण आधी डेंग्यू न झालेल्या मुलांना तिचा अपाय होऊ शकत होता. आपल्या देशातल्या एका डोसच्या लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट 2024 मध्ये रोहतकपासून सुरू झाली, दहा हजारांवर लोकांवर. डासाच्या अंगात व्होल्बाकिया नावाचा जिवाणू सोडून त्याच्यातली विषाणू वाढवायची ताकदच कमी करायची, असाही प्रयोग आहे. इंडोनेशियातल्या योग्यकर्तात त्याने डेंग्यू 77 टक्क्यांनी घटला, आणि पुदुच्चेरीच्या केंद्रात आपल्या हवेला मानवणारे तसे डास तयार केले गेले आहेत. या दोन्हींकडून मला आशा आहे. पण येत्या जूनमध्ये ती तुमच्या कामाला येणार नाहीत.

शेवटी पाण्याबद्दल बोललं पाहिजे, आणि इथे मी नागरिकांची बाजू घेणार आहे. ज्या गावात नळ रोज येतो तिथे रिकामं पिंप ठेवणं सोपं आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आणि शहरांत नळ आठ-दहा दिवसांनी येतो. तिथल्या बाईने दोनशे लिटरचं पिंप शुक्रवारी ओतून द्यावं आणि पुढचे सहा दिवस काय करावं? आमच्या पत्रकात याचं उत्तर नसायचं. आम्ही 'अबेट' हे अळीनाशक टाकत होतो, मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडत होतो, आणि लोकांना वाटायचं पाण्याला वास येतो, मासे मरतात. लोक खोटं बोलत नव्हते. व्हिएतनामच्या खान्ह होआ प्रांतातल्या एका अभ्यासात दिसलं की जिथे नळाचं पाणी पुरेसं नाही अशा दाट वस्तीच्या खेड्यांतही शहरासारखाच डेंग्यू पसरतो. त्याच देशात अळ्या खाणारा एक सूक्ष्म जीव टाक्यांत सोडून, गावातल्या स्वयंसेवकांच्या आणि शाळकरी मुलांच्या मदतीने 37 पैकी 32 वस्त्यांतून एडिस हटवला गेला. तिथेही काम औषधापेक्षा माणसांनी जास्त केलं.

म्हणून फॉगिंगच्या गाडीबद्दल माझ्या मनात राग आहे. धूर दिसतो, आवाज होतो, फोटो निघतो. गाडी रस्त्याने जाते, दारं-खिडक्या लोक लावून घेतात, आणि एडिस पलंगाखाली सुरक्षित बसतो. जो उडताना सापडतो तेवढाच मरतो, अळी आणि अंडं यांना काही होत नाही. दोन-तीन दिवसांत नवे डास तयार. साथ भडकलेल्या घराच्या आसपास, घराच्या आत केलेल्या फवारणीला अर्थ आहे. बाकीचं फॉगिंग हे आम्ही काहीतरी करतोय हे दाखवण्याचं साधन झालं आहे, आणि आपणच ते मागतो. 'आमच्या वॉर्डात गाडी आली नाही' अशी तक्रार घेऊन माणसं येतात. 'आमच्या वॉर्डात पाणी रोज द्या' ही डेंग्यूची तक्रार आहे हे कुणाला वाटत नाही. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात पाणीपुरवठ्याचा आणि हिवताप विभागाचा खर्च वेगवेगळ्या पानांवर असतो. तो एका पानावर आणला पाहिजे.

या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या गल्लीत जेमतेम पन्नास-साठ घरं असतील. येत्या रविवारी सकाळी दहा-बारा जणांनी मिळून निघा, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काथ्या. आधी स्वतःची गच्ची, मग शेजाऱ्याची, मग ती कुलूप लावलेली बंद घरं, ज्यांचे मालक पुण्या-मुंबईला असतात. त्यांना फोन करून किल्ली कुठे आहे ते विचारा. टायर, करवंट्या, कूलर, ताडपत्रीच्या घड्या, सगळं तपासा, घासा, झाका. पाऊस यायला तीन आठवडे आहेत, आणि हे काम पावसाआधीच करायचं आहे.